लोमचं लाकडी चर्च साडेआठशे वर्षं उभं कसं राहिलं?

१८५१ साली नॉर्वेत चर्चच्या इमारतींबाबत एक कायदा झाला. त्यातली एक अट अशी होती की, चर्चमध्ये त्या पॅरिशमधली, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीत राहणारी, निदान तीन दशांश माणसं मावली पाहिजेत. हद्दीत हजार माणसं असतील तर तीनशेंची सोय हवी. जागा कमी पडत असेल तर चर्च वाढवा, नाहीतर नवीन बांधा.

कायदा करणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेची लोकसंख्या झपाट्याने वाढत होती आणि रविवारी लोकांना दाराबाहेर उभं राहावं लागत होतं. पण दऱ्याखोऱ्यांतल्या गावांमध्ये मध्ययुगातली छोटी लाकडी चर्चं होती. आत अंधार, हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी, बसायला जागा नाही. गावकऱ्यांनी हिशेब केला. जुनं चर्च उतरवायचं, त्याचं लाकूड लिलावात विकायचं आणि शेजारी पांढऱ्या रंगाचं, मोठ्या खिडक्यांचं ऐसपैस चर्च बांधायचं. गावोगाव असंच झालं.

या जुन्या लाकडी चर्चना ‘स्टाव्ह चर्च’ म्हणतात. नॉर्वेत ती एकेकाळी हजाराच्या वर होती. काही अभ्यासक हा आकडा दोन हजारांपर्यंत नेतात. आज २८ उरली आहेत. त्यातली बॉर्गुन आणि उर्नेस सगळ्यांत प्रसिद्ध. उर्नेस तर १९७९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पण मी इथे लोमच्या चर्चबद्दल लिहिणार आहे. बॉर्गुनइतकं ते चित्रातल्यासारखं दिसत नाही. त्याला मधेच जोडकाम झालंय, वर सतराव्या शतकातला टोकदार मनोरा आहे, आत अठराव्या शतकातली चित्रं आहेत. शुद्धतेच्या चाहत्यांना ते थोडं खटकतं. मला मात्र तेच जास्त बोलकं वाटतं, कारण ते आजही गावाचं चर्च आहे. तिथे बाप्तिस्मे होतात, लग्नं लागतात, आणि बाजूच्याच दफनभूमीत गावची माणसं पुरली जातात.

लोम हे दक्षिण नॉर्वेच्या डोंगराळ भागातलं गाव. राजधानी ऑस्लोहून उत्तरेला गेलेल्या गुडब्रान्सडालेन या मोठ्या खोऱ्याला एक फाटा फुटतो, त्या फाट्यावर ते आहे. सगळा तालुका धरून वस्ती दोन हजारांच्या थोडी वर. पाठीमागे योटुनहाइमेनचे डोंगर. देशातलं सर्वांत उंच शिखर, २४६९ मीटरचं गालहोपिग्गन, याच तालुक्यात येतं. समुद्राकडून येणारे ढग डोंगरांच्या पलीकडेच रिकामे होतात, त्यामुळे हा नॉर्वेतला अगदी कोरडा भाग. इतका की इथले शेतकरी शतकानुशतकं डोंगरातून पाट काढून शेतांना पाणी देत आले आहेत. चर्चच्या आयुष्यात या कोरड्या हवेचा वाटा मोठा आहे.

जमिनीत पुरलेला खांब कुजतो

स्टाव्ह चर्च समजून घ्यायचं तर एका जुन्या अडचणीपासून सुरुवात करावी लागते. नॉर्वेत ख्रिस्ती धर्म स्थिरावला तो साधारण अकराव्या शतकात. राजा ओलाव्ह हाराल्डसनने तो बऱ्याच ठिकाणी बळजबरीनेच आणला. स्नोरी स्तुर्लुसोन हा तेराव्या शतकातला आइसलंडचा इतिहासकार सांगतो की, १०२१ साली ओलाव्ह फौज घेऊन लोमच्या वर आला, खाली पसरलेली वस्ती पाहिली आणि म्हणाला, एवढं सुंदर गाव जाळावं लागणं म्हणजे वाईटच. लोकांनी सूचना ओळखली आणि धर्म स्वीकारला. स्नोरीने हे लिहिलं दोनशे वर्षांनंतर, तेव्हा राजाचं ते वाक्य किती खरं मानायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. ओलाव्ह पुढे १०३० मध्ये स्टिकलेस्टाडच्या लढाईत मारला गेला आणि लवकरच संत ठरला.

नवा धर्म आला म्हणजे चर्चं आली. पहिली चर्चं बांधताना खड्डे खणून त्यात जाड खांब रोवायचे आणि खांबांच्या मधे फळ्या उभ्या करायच्या, अशी रीत होती. बांधायला सोपं आणि मजबूतही. पण मातीत गेलेलं लाकूड ओलं राहतं आणि जमिनीच्या पातळीला, जिथे हवा आणि ओल एकत्र येतात, तिथे कुजायला लागतं. काही दशकांत खांब बुडातून पोकळ. लोमच्या आजच्या चर्चखाली पुरातत्त्वज्ञांना अशाच एका आधीच्या चर्चच्या खांबांचे खड्डे सापडले आहेत. म्हणजे याच जागी आधी एक चर्च होतं.

बाराव्या शतकातल्या सुतारांनी यावर तोड काढली ती अशी की, खांब जमिनीतून उचलले. आधी दगडांचं जोतं. त्यावर आडव्या जाडजूड तुळया, चौकटीसारख्या एकमेकींत खाचून बसवलेल्या. आणि त्या तुळयांवर खांब. लाकडाचा मातीशी संबंधच संपला. खालून वारा खेळता राहिला. आज उभी असलेली सगळी स्टाव्ह चर्चं या सुधारलेल्या पद्धतीची आहेत. जमिनीत रोवलेलं एकही शिल्लक नाही.

सांगाडा कसा बसतो

‘स्टाव्ह’ म्हणजे उभा खांब. आपल्याकडच्या जुन्या वाड्यात भिंत ढासळली तरी खांब-तुळयांवर माडी उभी राहते, साधारण तसाच हा सांगाडा. छताचं ओझं खांबांवर, भिंत नुसती आडोशाला.

आता जरा जवळून पाहू. बाहेरच्या भिंतीत दोन खांबांच्या मधे जाड फळ्या उभ्या बसवलेल्या असतात. प्रत्येक फळीच्या एका कडेला खोबण आणि दुसऱ्या कडेला जीभ. एकीची जीभ दुसरीच्या खोबणीत जाते. खालची तुळई आणि वरची तुळई या दोन्हींनाही खोबणी आहेत, त्यात फळ्यांची टोकं बसतात. सगळीकडून पकडलेली अशी ही भिंत, खिळा न ठोकता. जिथे सांधा पक्का करायचा तिथे लाकडी खुंटी. कोपऱ्यातले खांब तर बघण्यासारखे असतात. त्यांचं बूड आतून कोरून काढतात आणि दोन तुळया जिथे मिळतात त्या सांध्यावरच खांब चढवतात. पावसाचं पाणी सांध्यात शिरण्याआधी खांबाच्या अंगावरून खाली ओघळतं.

लोमचं चर्च या प्रकारातल्या जरा खानदानी घराण्यातलं आहे. साध्या स्टाव्ह चर्चमध्ये एक चौकोनी खोली आणि पूर्वेला वेदीची छोटी खोली, एवढंच असे. लोममध्ये मधला भाग उंच उचललेला आहे. आत सभोवार मोकळे खांब उभे आहेत आणि ते बाजूच्या पाखीच्या वर निघून बऱ्याच उंचीवर मधलं छप्पर पेलतात. खांब आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये चारही बाजूंनी एक अरुंद पट्टा सुटतो, त्यावर खालचं छप्पर. बाहेरून पाहिलं की छपरांचे टप्पे दिसतात. पूर्वेला वेदीच्या मागे अर्धगोल भाग.

उंच आणि सडपातळ खांबांना धोका वाऱ्याचा. खालून वर जाणारं वजन खांब सहज पेलतो, पण बाजूने धक्का बसला की डोलतो. म्हणून खांबांमधे वरच्या बाजूला फुलीच्या आकाराचे लाकडी ताण घातले जातात आणि खांब आणि तुळई मिळतात त्या कोनात वळणदार आधार बसवतात. हे आधार सरळ लाकडातून कापलेले नसतात. झाडाचं खोड जिथे मुळात उतरतं, तिथे लाकूड नैसर्गिकच वाकलेलं असतं. तोच भाग सुतार उचलायचा. त्यातले तंतू वळणाबरोबर वळलेले असल्यामुळे असा आधार चिरत नाही. बाजूचा अरुंद पट्टाही नुसता चालायला नाही, तो चारही बाजूंनी मधल्या उंच भागाला रेटून धरतो. वर छपरात वासे कात्रीसारखे एकमेकांना छेदतात. त्यामुळे बर्फाच्या वजनाखाली ते फाकत नाहीत.

छप्पर पाहून पुष्कळ लोक म्हणतात की हे उलटं ठेवलेलं व्हायकिंग जहाज आहे. पर्यटकांना ही गोष्ट फार आवडते. मला ती पटत नाही. मधला भाग उंच आणि बाजूचे ठेंगणे, ही रचना त्या काळी युरोपभर दगडी चर्चमध्ये होती. नॉर्वेच्या सुतारांनी तीच कल्पना आपल्या लाकडात उतरवली असं मानणं जास्त सरळ आहे. जहाज बांधणाऱ्यांचा हात आणि हत्यारं त्यात दिसतात हे खरं. तिथल्या किनाऱ्यावर चांगला सुतार म्हटला की त्याला नाव बांधता येणारच.

एक प्रश्न उरतो. नॉर्वेत घरं बांधायची जुनी पद्धत ओंडके आडवे रचण्याची आहे. मग चर्च उभ्या लाकडात का? धर्माची कारणं काहीही असोत, लाकडाचं एक कारण ठोस आहे. लाकूड सुकताना आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. लांबीतलं आकसणं हजारात एक-दोन भाग इतकंच. ओंडके एकावर एक रचलेली भिंत वर्षानुवर्षं खाली बसत जाते. उभा खांब मात्र बांधला त्या उंचीचाच राहतो. दहा-बारा मीटर उंच इमारत सांध्यांवर तोलायची असेल तर हा फरक लहान नाही.

लाकूड होतं पाइनचं. सावकाश वाढलेलं, थंड डोंगरउतारावरचं, ज्याच्या खोडात राळेने भरलेला लालसर गाभा मोठा आणि सालीजवळचा पांढुरका, लवकर कुजणारा थर कमी. बाहेरून सगळ्याला डांबर. हे रस्त्याचं डांबर नव्हे. पाइनची मुळं आणि बुंधे मातीने झाकलेल्या भट्टीत मंद धुमसवत ठेवले की खालून काळपट, चिकट, धुराच्या वासाचा द्रव निघतो, तो हा. ऊन लागलेल्या दिवशी स्टाव्ह चर्चपाशी गेलं की आधी त्याचा वास येतो.

झाड केव्हा तोडलं

लोमचं चर्च केव्हा बांधलं हे सांगणारा शिलालेख नाही की कागद नाही. लाकडानेच ते सांगितलं. थंड प्रदेशात झाड दरवर्षी एक वलय वाढवतं. चांगला उन्हाळा गेला तर वलय रुंद, वाईट गेला तर बारीक. एकाच भागातल्या सगळ्या झाडांवर त्या त्या वर्षांचा ठसा सारखाच उमटतो, त्यामुळे रुंद-बारीक वलयांचा क्रम एखाद्या सहीसारखा ओळखता येतो. आजच्या झाडापासून सुरुवात करून, मग जुन्या घरांच्या ओंडक्यांशी, मग त्याहून जुन्या इमारतींशी असा क्रम जुळवत मागे जाता येतं. चर्चच्या लाकडाला सालीखालचं शेवटचं वलय शाबूत असेल तर झाड कोणत्या हिवाळ्यात पडलं हेसुद्धा कळतं. लोमसाठी उत्तर आलं ११५७-५८. लाकूड ताजं असतानाच काम करायची पद्धत होती, तेव्हा चर्च त्यानंतर लगेच उभं राहिलं असणार.

ही तारीख इतिहासात नेमकी बसते. ११५२-५३ मध्ये नॉर्वेला स्वतःचं आर्चबिशपपद मिळालं, निदारोसला, म्हणजे आजच्या ट्रॉनहाइमला. त्याच वेळी हामारला नवा बिशप आला आणि गुडब्रान्सडालेनचा मुलूख त्याच्याकडे गेला. त्याच्या आधीच, त्या शतकाच्या पूर्वार्धात, उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा कर लागू झाला होता. त्याचे चार वाटे होत: बिशप, धर्मगुरू, गरीब आणि चर्चची इमारत. म्हणजे शेतकऱ्याच्या बार्लीतला चाळिसावा भाग दरसाल तिथल्या चर्चच्या बांधकामाला आणि डागडुजीला जात होता. पैसा ठरलेला, वरून बिशपची नजर. मोठ्या, टिकाऊ चर्चची लाट याच काळात का आली, हे यावरून समजतं.

जमिनीखाली काय निघालं

१९७३ साली लोमच्या चर्चच्या फरशीखाली उत्खनन झालं. दोन हजारांहून जास्त नाणी सापडली. फरशी लाकडी, फळ्यांमधे फटी. आणि बाराव्या-तेराव्या शतकातली बरीच नॉर्वेजियन नाणी चांदीच्या कागदाइतक्या पातळ पत्र्याची, एकाच बाजूला ठसा असलेली. दानासाठी काढलेलं नाणं हातातून निसटलं की गेलंच. शतकभर, दोन शतकं ती खाली साठत राहिली.

नाण्यांपेक्षा लोकांच्या लक्षात राहिली ती एक काठी. त्या मातीतून निघालेल्या या लाकडी काठीवर रुन लिपीत पत्र कोरलेलं आहे. होवार्ड नावाचा कोणी गुडनीला देवाचा नमस्कार आणि आपली मैत्री कळवतो. पुढे म्हणतो की, तुला मागणी घालायचं माझ्या मनात पक्कं आहे, जर तुला कोल्बाइनबरोबर राहायचं नसेल तर. तुझं लग्नाचं तू ठरव आणि तुझ्या मनात काय आहे ते मला कळू दे.

इतकंच. तिने काय केलं ते काठीवर नाही. काठी चर्चमध्ये कशी पोचली, मुद्दाम फटीत टाकली की कोणाच्या हातून पडली, यावर अंदाजच करता येतात. पण एवढं नक्की कळतं की, रविवारी चर्चला जमणं म्हणजे फक्त प्रार्थना नव्हती. खोऱ्यात शेतं एकमेकांपासून दूर, हिवाळा लांब. गाव एकत्र यायचं ते इथेच. निरोप इथे पोचत, सौदे इथे ठरत, मागण्याही इथेच घातल्या जात असणार. आणि रुन लिपी ही फक्त व्हायकिंगांच्या थडग्यांवरची गूढ अक्षरं नव्हेत हेही. बर्गनच्या बंदरात १९५५ च्या आगीनंतर शेकडो अशा काठ्या निघाल्या: हिशेब, चिठ्ठ्या, शिव्या. चाकू आणि लाकडाचा तुकडा असला की झालं.

त्या काळच्या मंडळींनी आत जे पाहिलं ते आज आपल्याला दिसत नाही. आत बाकं नव्हती. लोक उभे राहायचे, पुरुष दक्षिणेकडे, स्त्रिया उत्तरेकडे, अशी प्रथा होती. खिडक्या नव्हत्या म्हटलं तरी चालेल. मधल्या उंच भिंतीत वर छोटी गोल भोकं, तेवढाच उजेड. मिस्सा लॅटिनमध्ये, पूर्वेच्या खोलीत, पाठमोऱ्या धर्मगुरूच्या तोंडून. पाहायचं, ऐकायचं, गुडघे टेकायचे. वाचायचं काही नव्हतं, तेव्हा अंधाराने कोणाचं अडत नव्हतं.

बाकं आली, खिडक्या आल्या

१३४९ साली प्लेगची साथ नॉर्वेत पोचली. पुढच्या काही दशकांत निम्म्याहून जास्त लोकसंख्या गेली, शेतं ओस पडली, बरीच चर्चं माणसांविना राहिली. दीर्घ काळ कोणी नवं बांधलं नाही, आणि नवं बांधलं नाही म्हणूनच जुनी राहिली.

१५३७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने नॉर्वेवर ल्यूथरचा पंथ लादला. चर्चच्या वास्तूला हा बदल प्लेगपेक्षा जास्त जाणवला. आता रविवारचं मुख्य काम म्हणजे प्रवचन, तेही लोकांना कळेल अशा भाषेत, डॅनिशमध्ये. तासभर उभं राहून प्रवचन कोण ऐकणार? बाकं आली. बाकं आली म्हणजे जागा कमी पडू लागली. धर्मगुरू सगळ्यांना दिसावा, ऐकू यावा म्हणून उंच व्यासपीठ आलं. पुढे १७३६ साली दृढीकरणविधी सक्तीचा झाला. पौगंडवयातल्या प्रत्येक मुलामुलीला धर्माची प्रश्नोत्तरं शिकून मंडळीसमोर परीक्षा द्यावी लागे, आणि तो विधी झाल्याशिवाय लग्नही करता येत नसे. मग १७३९ मध्ये गावशाळांचा कायदा आला. लोक वाचायला शिकले, हातात स्तोत्रांचं पुस्तक आलं. पुस्तक वाचायला उजेड हवा. भिंतीत खिडक्या कापल्या गेल्या. एका धार्मिक फतव्याचा शेवट भिंतीतल्या भोकात झालेला बघायचा असेल तर कुठलंही जुनं नॉर्वेजियन चर्च पाहावं.

लोमने हे सगळं अंगावर घेतलं. १६३४ मध्ये चर्च पश्चिमेकडे लांबवलं. तेही पुरेना, तेव्हा १६६३ मध्ये उत्तरेला आणि दक्षिणेला एकेक पंख जोडून त्याचा क्रूस केला, आणि मधोमध सडसडीत मनोरा चढवला. हे काम वेर्नर ओल्सेनचं. शेजारच्या व्होगो आणि पुढच्या रिंगेबू इथली स्टाव्ह चर्चंही त्यानेच बदलली. जुन्या चर्चचं पोट फाडून पंख जोडणं म्हणजे सांगाड्याशी खेळ. जिथे भिंत होती तिथे आता उघडं, तेव्हा तिथलं वजन नव्या लाकडांवर वळवावं लागतं. ओल्सेनला ते जमलं हे तीनशे साठ वर्षांनी आपण सांगू शकतो. नंतर अठराव्या शतकात आत वेलबुट्टीचं कोरीव काम झालं आणि भिंती-छतावर चित्रं आली. मधला बाराव्या शतकातला उंच भाग मात्र तसाच राहिला. आज आत गेलं की एकाच नजरेत दोन काळ दिसतात: वर काळसर, ताणांनी बांधलेले खांब; खाली रंगीत, गिरकी घेतलेली पानं.

अभ्यासकांची एक पिढी या जोडकामांना चर्चचं विद्रूपीकरण म्हणायची. एकोणिसाव्या शतकात हेडालसारख्या चर्चची दुरुस्ती झाली तेव्हा ‘मूळ’ रूपाच्या नावाखाली बराच कल्पनाविलास झाला आणि १९५०च्या दशकात तो निस्तरावा लागला. लोमला ही पाळी आली नाही याचा मला आनंदच आहे.

मग १८५१

आता सुरुवातीच्या अटीकडे. लोमचं चर्च क्रूसाच्या आकारात वाढवलेलं असल्यामुळे मोठं होतं. माणसं मावत होती. ते उतरवण्याची गरजच पडली नाही.

त्याच तालुक्यात, काही किलोमीटरवर गार्मो नावाची वाडी आहे. तिथेही स्टाव्ह चर्च होतं, लहान. दंतकथा सांगते की राजा ओलाव्हने तिथल्या तोर्गेर नावाच्या शेतकऱ्याला चर्च बांधण्याच्या बदल्यात टेस्से तळ्यातल्या मासेमारीचा हक्क दिला. गार्मोला नवं चर्च झालं आणि १८८० मध्ये जुनं उतरवलं. लाकडं विखुरली. पण लिलेहामरचा एक दंतवैद्य, आंदर्स सांडविग, गुडब्रान्सडालेनमधल्या जुन्या इमारती आणि वस्तू जमवत होता. त्याने गार्मोचे उरलेले भाग गोळा केले, आणि १९२०च्या सुमारास ते चर्च लिलेहामरच्या माइहाउगेन संग्रहालयात पुन्हा उभं राहिलं. सुंदर दिसतं. पण त्याच्याभोवतीचं गाव आता संग्रहालयाचं गाव आहे.

डोंगरांच्या दक्षिणेला वांग गावची गोष्ट याहून चमत्कारिक. तिथलं स्टाव्ह चर्च १८४१ मध्ये लिलावात निघालं, म्हणजे कायद्याच्याही आधी. योहान ख्रिश्चियन डाल हा बर्गनचा चित्रकार, ड्रेस्डेनला प्राध्यापक होता. १८३७ मध्ये त्याने स्टाव्ह चर्चवर चित्रांसह ग्रंथ काढला होता आणि या इमारतींची किंमत जगाला कळावी म्हणून तो धडपडत होता. वांगचं चर्च नॉर्वेतच राहावं म्हणून त्याने प्रयत्न केले, जमलं नाही. शेवटी प्रशियाचा राजा चौथा फ्रीडरिख विल्हेल्म याने पैसे दिले. चर्च सुटं करून जहाजाने गेलं आणि १८४४ पर्यंत सिलेशियाच्या डोंगरात उभं राहिलं. आज तो भाग पोलंडमध्ये आहे, गाव कार्पाच, आणि चर्च अजून वापरात.

या धडपडीतूनच डाल आणि त्याच्या मित्रांनी १८४४ मध्ये जुन्या वास्तू जपणारी संस्था काढली. उर्नेस, बॉर्गुन यांसारखी चर्चं याच संस्थेने विकत घेऊन वाचवली. बॉर्गुनच्या गावाने १८६८ मध्ये शेजारीच नवं चर्च बांधलं आणि जुनं संस्थेकडे गेलं, म्हणून त्यात ना बाकं राहिली ना खिडक्या. बाहेरची पडवीसुद्धा शाबूत आहे. स्टाव्ह चर्च मुळात कसं होतं हे पाहायचं तर तिथे जावं. फक्त तिथे गावचा रविवार भरत नाही.

आज

लोमला भरतो. १ जानेवारी २०१७ पासून नॉर्वेचं चर्च कायद्याने सरकारपासून वेगळं झालं आहे, पण इमारतींच्या देखभालीचा खर्च अजूनही मुख्यतः तिथल्या नगरपालिकांवरच आहे. स्टाव्ह चर्चसाठी राज्य वेगळी मदत करतं. २००१ ते २०१५ या काळात सरकारच्या पुरातत्त्व खात्याने सगळ्या २८ चर्चची दुरुस्ती हाती घेतली: कुजलेल्या तुळया बदलणं, खचलेली जोती उचलणं, चित्रं आणि कोरीव काम जपणं. त्यात सगळ्यांत मोठी डोकेदुखी ठरलं ते डांबर. जुन्या पद्धतीच्या भट्टीचं डांबर करणारे हात कमी राहिले होते आणि बाजारातलं पातळ डांबर वर्षा-दोन वर्षांत धुऊन जायचं. चांगलं डांबर गरम करून, कोरड्या दिवसांत लावावं लागतं. दक्षिणेची भिंत उन्हात सर्वांत आधी करपते, त्यामुळे तिला उत्तरेच्या भिंतीपेक्षा जास्त वेळा हात मारावा लागतो.

दुसरी भीती आगीची. डांबराने माखलेलं सुकं लाकूड कसं पेटतं ते ६ जून १९९२ ला कळलं. बर्गनजवळचं फॅन्टॉफ्ट स्टाव्ह चर्च मुद्दाम लावलेल्या आगीत राख झालं. १९९७ पर्यंत त्याची प्रतिकृती उभी केली, पण ती प्रतिकृतीच. त्यानंतर या चर्चच्या भोवती धूर आणि उष्णता ओळखणारी यंत्रणा, पाण्याच्या फवाऱ्यांची सोय आणि अग्निशमनाचे सराव वाढले. लोमला उन्हाळ्यात पर्यटकांच्या बसगाड्या लागतात, म्हणून त्या दिवसांत चर्चची वेळापत्रकं दोन असतात: एक पाहुण्यांचं आणि एक गावाचं. लग्न किंवा अंत्यविधी असला की पाहुण्यांनी थांबायचं.